सीपॅप मशीनसाठी बॅकअप बॅटरी कशी निवडायची? एमएएच बघू नका, आधी हे तीन आकडे काढा

पॉवर बँक कुठली घ्यायची, हे आपण एकमेकांना नेहमी विचारतो. आज मात्र फोनच्या नाही, झोपेच्या बॅटरीबद्दल बोलायचंय. तुमच्या घरात आई, बाबा, काका किंवा तुम्ही स्वतः रात्री सीपॅप मशीन लावून झोपत असाल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. हा विषय मी हौसेने शिकलेलो नाही, गरज पडली म्हणून शिकलो.

माझ्या बाबांना स्लीप अ‍ॅप्निया आहे. गेल्या वर्षी गणपतीला आम्ही सगळे कोकणात गावी गेलो होतो. दुसऱ्या रात्री जोरदार पाऊस आला आणि दीडच्या सुमारास लाइट गेली. सकाळी उठून बघतो तर बाबा पडवीतल्या खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी घेत होते, मास्क मांडीवर. रात्रभर झोप नाही. कुणाला उठवलं नाही, काही बोलले नाहीत. यंदा जुलैमध्ये तिकिटांचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, “तुम्ही जाऊन या, मी इथलं घर सांभाळतो.” आईने माझ्याकडे बघितलं. कारण आम्हा दोघांनाही कळलं होतं.

त्याच रात्री मी शॉपिंग अ‍ॅप उघडलं आणि ५०,००० एमएएचची एक पॉवर बँक कार्टमध्ये टाकली. ऑर्डर करणारच होतो, पण आधी मशीनचा अ‍ॅडॉप्टर उलटा करून वाचला. बरं झालं वाचला, नाहीतर ती पॉवर बँक एक सेकंदसुद्धा कामाला आली नसती. का ते पुढे सांगतो.

लाइट गेली की नेमकं काय होतं?

स्लीप अ‍ॅप्नियामध्ये झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट बंद होते. ऑक्सिजन कमी झाला की मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो, श्वास सुरू होतो आणि पुन्हा तेच. सीपॅप मशीन मास्कमधून हवेचा सौम्य, सतत दाब देऊन ही वाट उघडी ठेवतं. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी ही पद्धत शोधली आणि १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. आत एक छोटा ब्लोअर असतो, बाकी सगळा खेळ हवेचा.

वीज गेली की ब्लोअर थांबतो. लगेच गुदमरायला होत नाही, कारण मास्कला हवा जायला भोकं असतात आणि नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कला बाहेरची हवा आत घेणारी सुरक्षा झडप असते. पण त्या बंद मास्कमध्ये झोपून राहणं बरोबर नाही. मास्क काढायचा. आणि मास्क काढला की घोरणं, श्वास अडकणं, दचकून जागं होणं पुन्हा सुरू. म्हणून बॅकअप ही चैन नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा लेख घरगुती सीपॅपपुरता आहे. घरात व्हेंटिलेटर किंवा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू असेल, तर हे गणित तिथे लावू नका. कॉन्सन्ट्रेटर सीपॅपच्या कितीतरी पट वीज खातो, आणि तिथे बॅकअपचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा.

पहिला आकडा: व्होल्ट

मशीनच्या अ‍ॅडॉप्टरवर बारीक अक्षरात ‘आउटपुट’ लिहिलेलं असतं. मोबाइलच्या कॅमेऱ्याने फोटो काढा आणि झूम करून वाचा. तिथे दोन गोष्टी मिळतील, व्होल्ट आणि अँपिअर किंवा वॉट.

उदाहरणार्थ, रेसमेडचं एअरसेन्स १० हे मशीन २४ व्होल्टवर चालतं आणि त्याचा अ‍ॅडॉप्टर ९० वॉटचा आहे. एअरसेन्स ११ सुद्धा २४ व्होल्टचंच, पण अ‍ॅडॉप्टर ६५ वॉटचा. फिलिप्सचं ड्रीमस्टेशन मात्र १२ व्होल्टवर चालतं. म्हणजे “सीपॅपची बॅटरी द्या” असं दुकानात म्हणून भागत नाही. आधी आपलं मशीन किती व्होल्टचं, ते माहीत हवं.

आता माझ्या कार्टमधल्या पॉवर बँकेकडे येऊ. टाइप-सी पॉवर डिलिव्हरी वाल्या नेहमीच्या पॉवर बँका ५, ९, १५ आणि २० व्होल्ट देतात. २४ व्होल्ट त्या यादीत नाहीच! १२ व्होल्ट काही पॉवर बँकांमध्ये असतं, काहींमध्ये नसतं. बाबांचं मशीन २४ व्होल्टचं. त्यामुळे ती पॉवर बँक कितीही मोठी असती तरी उपयोग शून्य.

“मग २० चं २४ करणारी केबल मिळते की ऑनलाइन!” असं एका मित्राने मला लगेच सुचवलं. मिळते, खरं आहे. पण ज्या वस्तूवर बाबांचा रात्रभराचा श्वास चालणार, तिच्यामागे बिननावाची केबल लावायला माझं मन तयार झालं नाही. तुम्हीही लावू नका. पिन बसली म्हणजे जुळली असं नसतं. प्लस-मायनस उलट असू शकतं, व्होल्टेज वर-खाली होऊ शकतं, आणि वॉरंटी तर गेलीच समजा.

दुसरा आकडा: एका रात्रीचे वॉट-अवर

फोनच्या दुनियेत आपल्याला एमएएचची सवय लागली आहे. पण एमएएच हा अर्धाच आकडा आहे, कारण तो किती व्होल्टला मोजलाय ते त्यात कळत नाही. खरी साठवण वॉट-अवरमध्ये मोजतात. सूत्र सोपं आहे:

व्होल्ट × अँपिअर-अवर = वॉट-अवर

पॉवर बँकेतल्या सेलचं व्होल्टेज साधारण ३.७ धरतात. म्हणजे २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर, गुणिले ३.७, झाले ७४ वॉट-अवर. आणि ५,००० एमएएचचा तुमचा फोन? साधारण १९ वॉट-अवर.

आता मशीनला रात्रभर किती लागतात? इथे बहुतेक जण अ‍ॅडॉप्टरवरचे वॉट घेऊन गुणाकार करतात. ९० वॉट × ८ तास = ७२० वॉट-अवर, आणि मग तेवढी महाग बॅटरी शोधत बसतात. हे चुकीचं आहे. अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो. मशीन दर क्षणाला तेवढे खात नाही.

खरा आकडा काढायचा असेल तर मोजायचा. वीज मोजणारा स्मार्ट प्लग घ्या, मशीन त्यात लावा आणि सकाळी अ‍ॅपमध्ये युनिट बघा. १ युनिट म्हणजे १,००० वॉट-अवर. तीन-चार रात्री मोजून सरासरी काढा. फक्त दोन काळज्या घ्या. त्या प्लगवर कुठलंही टायमर किंवा शेड्यूल लावलेलं नसू दे, नाहीतर मध्यरात्री तोच मशीन बंद करेल. आणि मोजणी झाली की प्लग काढून ठेवा.

आमच्या घरी आलेले आकडे असे, साधारण साडेसात तासांच्या झोपेचे:

- ह्युमिडिफायर चालू असताना: ०.३४ युनिट, म्हणजे ३४० वॉट-अवर
- ह्युमिडिफायर बंद असताना: ०.११ युनिट, म्हणजे ११० वॉट-अवर

बघितलंत? मशीन तेच, बाबा तेच, दाब तोच. फरक तिपटीचा!

सगळी वीज खातो तो पाणी तापवणारा

सीपॅपला जोडून पाण्याची एक छोटी टाकी असते. तिच्याखालचा हीटर पाणी कोमट करतो म्हणजे घसा-नाक कोरडं पडत नाही. काही मशिनना गरम होणारी नळीही असते. गीझर आणि इस्त्री वीज का खातात ते आपल्याला माहीतच आहे. उष्णता निर्माण करणारी कुठलीही वस्तू बॅटरीची दुश्मन. हवा फुंकणारा ब्लोअर त्या मानाने बिचारा गरीब आहे.

म्हणून बॅकअपच्या रात्रीपुरता ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद ठेवता आली, तर एक तृतीयांश बॅटरीत काम होतं. पण हे परस्पर करू नका, डॉक्टरांना एकदा विचारा. आम्ही विचारलं. कोकणातल्या पावसाळी हवेत एक-दोन रात्री चालेल असं ते म्हणाले. काहींना मात्र कोरड्या हवेचा खूप त्रास होतो, त्यांनी मोठ्या बॅटरीची तयारी ठेवावी. आणि बॅटरी वाचवायला हवेचा दाब कमी करणं? अजिबात नाही. तो औषधाचा डोस आहे.

तिसरा आकडा: किती रात्री?

हे ठरवणं तुमच्या हातात आहे. शहरात तासाभराचा खंड पडतो की गावात रात्रच्या रात्र अंधार असतो? आम्हाला गावासाठी हवं होतं, म्हणून मी धरलं: एक पूर्ण रात्र नक्की, दुसरी जमली तर उत्तम.

आता बॅटरीवर छापलेले सगळे वॉट-अवर मशीनपर्यंत पोचत नाहीत. वाटेत गळती होते. ती किती, हे तुम्ही मशीन कुठल्या सॉकेटला लावता त्यावर आहे.

पोर्टेबल पॉवर स्टेशनला घरासारखं तीन पिनचं सॉकेट असतं. तिथे लावलं तर आधी बॅटरीची डीसी वीज २३० व्होल्ट एसी होते, मग मशीनचा अ‍ॅडॉप्टर ती पुन्हा डीसी करतो. पुण्याहून मुंबईला जायचं आणि आधी साताऱ्याला जाऊन यायचं, असला प्रकार! शिवाय आतला इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच दर तासाला काही वॉट-अवर खातो. मी ते १० धरले.

- एसी सॉकेटवरून: ११० + (७.५ × १०) = १८५. वर वीस टक्के राखीव, म्हणजे साधारण २२० वॉट-अवर.
- डीसी सॉकेटवरून: ११० ला पंधरा टक्के गळती धरून साधारण १३०. वर वीस टक्के राखीव, म्हणजे साधारण १५५ वॉट-अवर.
- ह्युमिडिफायरसकट, एसीवरून: ३४० + ७५ = ४१५, राखीव धरून ५०० वॉट-अवर.

डीसीवर मशीन चालवायला कंपनीची स्वतःची डीसी केबल किंवा कन्व्हर्टर मिळतो. तो गाडीच्या चार्जर सॉकेटमध्ये बसतो, आणि तसंच सॉकेट बहुतेक पॉवर स्टेशनवर असतं. २४ व्होल्टच्या मशीनसाठी हाच कन्व्हर्टर १२ चं २४ करून देतो. फरक एवढाच की तो त्या मशीनसाठीच बनवलेला असतो.

मग पर्याय कोणते?

१. घरचा इन्व्हर्टर. आधीपासून असेल तर नवीन काही घेण्याआधी हाच तपासा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-अवर. निम्मे वापरले तरी ह्युमिडिफायरसकट दोन रात्री निघतात. पण थांबा, त्याच इन्व्हर्टरवर पंखाही असतो ना? जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट घेतो, म्हणजे बाबांच्या मशीनच्या पाचपट! दोन खोल्यांचे दोन पंखे लावून झोपलात तर बॅटरी पंखेच संपवतील. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा आहे ना तेही बघा, मेडिकल उपकरणाला तोच योग्य. स्विचओव्हरचा मोड असेल तर यूपीएस मोडवर ठेवा, म्हणजे वीज जाताना मशीन बंद पडून परत सुरू होण्याची शक्यता कमी होते.

२. पोर्टेबल पॉवर स्टेशन. भाड्याचं घर, गाव, प्रवास यांसाठी सगळ्यात सोयीचा पर्याय. हँडल धरायचं आणि न्यायचं. आम्ही हाच घेतला.

३. सीपॅपची खास बॅटरी. काही मशिनसाठी बनवलेल्या बॅटऱ्या मिळतात. हलक्या असतात आणि केबल बरोबर येते. किंमत मात्र वॉट-अवरच्या मानाने जास्त पडते. सतत फिरतीवर असणाऱ्यांना परवडेल.

४. वायफाय राउटरचा छोटा यूपीएस. तो १२ व्होल्टचा असतो म्हणून ड्रीमस्टेशनवाल्यांना मोह होईल. पण राउटरला लागते तेवढीच ताकद त्यात असते आणि साठवणही जेमतेम. त्याला राउटरच सांभाळू दे.

५. गाडीची जुनी बॅटरी. काकांनी सुचवलेली ही आयडिया. गाडीची बॅटरी इंजिनाला एक जोरदार धक्का द्यायला बनवलेली असते. रात्रभर हळूहळू रिकामी करायला नाही, तसं केलं की ती लवकर मरते. शिवाय लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. बंद झोपायच्या खोलीत ती नको.

पॉवर स्टेशन घेताना मी काय तपासलं

पहिलं, सेल कुठले? लिथियम आयर्न फॉस्फेट सेल थोडे जड असतात, पण उष्णता जास्त सहन करतात आणि चार्ज-डिस्चार्जची हजारो आवर्तनं टिकतात. झोपायच्या खोलीत ठेवायची वस्तू आहे, म्हणून मी वजनापेक्षा सुरक्षेला मत दिलं.

दुसरं, ऑटो-ऑफ बंद करता येतं का? हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण जाहिरातीत तो नसतो. अनेक पॉवर स्टेशनमध्ये इको मोड असतो. लोड अगदी कमी असला की “काही जोडलेलंच नाही” असं समजून ते आउटपुट बंद करतं. सीपॅप नेमकं कमी लोडचं गिऱ्हाईक! रात्री दोनला बॅटरी ९० टक्के भरलेली आणि मशीन बंद, असं व्हायला नको. सेटिंगमध्ये हा मोड बंद होतो याची खात्री करूनच घ्या.

तिसरं, डीसी सॉकेट किती अँपिअरचं? मशीनच्या कन्व्हर्टरला लागतात त्यापेक्षा कमी नको.

चौथं, बीआयएसची नोंदणी. आपल्याकडे पॉवर बँक आणि लिथियम सेलला ती सक्तीची आहे. पॉवर बँकेवर आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून खरा-खोटा तपासता येतो. दोन मिनिटांचं काम आहे, फोन हातातच असतो.

पाचवं, आवाज. काहींचा पंखा घरघरतो, काही दर बटणाला बीप करतात. शेजारी झोपणाऱ्या आईचाही विचार करायला हवा.

शेवटी आम्ही २५६ वॉट-अवरचं, लिथियम आयर्न फॉस्फेटवालं पॉवर स्टेशन आणि मशीन कंपनीचाच डीसी कन्व्हर्टर घेतला.

रंगीत तालीम घरीच करा

बॅटरी आली म्हणजे काम झालं नाही. आम्ही एका शनिवारी लाइट असताना मुद्दाम बॅटरीवर रात्र काढली. रात्री पावणेअकराला १०० टक्के. सकाळी सव्वासहाला बघितलं तर ४७ टक्के शिल्लक! म्हणजे एक रात्र आरामात, आणि दुसरीही जवळजवळ निघेल. सकाळी मशीनच्या स्क्रीनवर रात्रीचा रिपोर्टही नेहमीसारखाच होता.

त्या तालमीत एक चूकही सापडली. कन्व्हर्टरची वायर लहान होती आणि बाबा कुशीवर वळले की ताणली जायची. पॉवर स्टेशन स्टुलावर, पलंगाजवळ आणलं. हे गावी अंधारात कळलं असतं तर?

आणखी एक गोष्ट करून बघा. दिवसा मशीन चालू असताना प्लग काढा आणि परत लावा. मशीन आपोआप सुरू होतं की बटण दाबावं लागतं, ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. अंधारात केबल बदलायची कशी, ते बाबांनाच दोनदा करायला लावलं. मी दरवेळी शेजारी असेनच असं नाही.

सांभाळायचं कसं?

लिथियम बॅटरी नेहमी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवली तर लवकर म्हातारी होते. एरवी निम्म्याच्या आसपास ठेवा आणि गावी जायच्या किंवा वादळ-पावसाच्या इशाऱ्याच्या आदल्या दिवशी पूर्ण भरा. मे महिन्यात माळ्यावर किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका. दर महिन्याला चार्ज तपासा, मी फोनवर रिमाइंडर लावलाय. चालू असताना उशी-चादरीखाली कधीच नाही, हवा खेळती हवी.

प्रवासात

विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची सुटी बॅटरी केबिन बॅगेत चालते. १०० ते १६० पर्यंत एअरलाइनची आधी परवानगी लागते आणि त्याहून मोठी नेता येत नाही. सुटी लिथियम बॅटरी चेक-इन बॅगेत कधीच टाकायची नाही. म्हणजे आमचं पॉवर स्टेशन विमानात चालणार नाही, ते गाडी आणि रेल्वेसाठीच. रेल्वेतही सीटजवळच्या सॉकेटच्या भरवशावर राहू नका. रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद ठेवण्याच्या सूचना आहेत.

थोडक्यात

- अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा.
- स्मार्ट प्लगने एका रात्रीचे वॉट-अवर मोजा, ह्युमिडिफायरसह आणि त्याशिवाय.
- किती रात्री हव्यात ते ठरवा, गळती आणि राखीव धरा.
- मगच शॉपिंग अ‍ॅप उघडा.

यंदा गणपतीला बाबा आले. तिसऱ्या रात्री साडेबाराला लाइट गेली. पंखा थांबला तशी मला जाग आली, उठून त्यांच्या खोलीत गेलो. अंधारात पॉवर स्टेशनची छोटी स्क्रीन दिसत होती, ९१ टक्के. मशीनचा तो हलका सूं सूं आवाज चालू होता. बाबांना लाइट गेल्याचा पत्ताच नव्हता. सकाळी पूजेच्या आधी आंघोळ करून आले आणि मला म्हणाले, “काय रे, डोळे का लाल तुझे? झोप नाही झाली?”